चाळीस हजारांतली खाऱ्या पाण्याची रीफ टाकी : चौदा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

लहानपणी मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात पाहिलेली एक काच माझ्या डोक्यातून कधी गेलीच नाही. आत निळसर उजेड, दगडावर डोलणारी फुलांसारखी काहीतरी आणि त्यांच्यामधून जाणारे नारिंगी-पांढरे पट्ट्यांचे दोन मासे. घरात तसं काही ठेवायचं तर लाखभर रुपये लागतात, असं पुढे अनेक वर्षं ऐकत आले. गेल्याच्या आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात चिंचवडच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी अशी रीफ टाकी, म्हणजे खाऱ्या पाण्यात जिवंत प्रवाळ आणि मासे ठेवायची टाकी, ४० हजारांत करायची ठरवली. आता चौदा महिने झाले आहेत. कुठे पैसे वाचवले ते बरं झालं आणि कुठे वाचवले ते महागात पडलं, हे आता खात्रीने सांगता येतं.

टाकी २४ × १८ × १८ इंचांची, ८ मिमी काचेची, स्थानिक कारागिराकडून बनवून घेतली. खर्च ४,८०० रुपये. लोखंडी स्टँड जुना घेतला, २,००० रुपयांना, आणि घासून पुन्हा रंगवला. दगड-वाळू घातल्यावर साधारण १०० लिटर पाणी मावतं. याहून लहान टाकी स्वस्त पडते, पण कमी पाण्यात प्रत्येक चूक मोठी होते. निळा-पांढरा एलईडी ७,५०० चा. बिनब्रँडचा आहे, तरी चौदा महिन्यांत एकदाही बंद पडला नाही. मऊ प्रवाळांना तो पुरतो. प्रोटीन स्किमर (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण फेसात काढणारं यंत्र) घेतला नाही. मासे दोनच ठेवायचे आणि दर रविवारी दहा लिटर पाणी बदलायचं ठरलं असेल, तर या आकाराच्या टाकीत त्याच्यावाचून अडत नाही. दगड, वाळू, दोन वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह तयार करणारे पंप), मागे टांगायचा फिल्टर, हीटर, मिठाची बादली, खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आणि टेस्ट किट धरून सुरुवातीचा खर्च ३९,३०० झाला. जिवांचा खर्च वेगळा.

दगडाबद्दल थोडं थांबून लिहिते. समुद्रातून काढलेला 'जिवंत दगड', म्हणजे जीवाणू आणि बारीक जीव चिकटलेला दगड, घ्यायचा नाही, हे आधीच ठरवलं होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सगळ्या कठीण प्रवाळांना, समुद्रपंख्यांना, समुद्रघोड्यांना आणि समुद्रकाकडीला आपल्याकडे संरक्षण आहे. यातलं काही कुणी 'सहज मिळतं' म्हणून देऊ केलं तरी घेऊ नका. मालवणच्या समुद्रात पोवळ्यांची बेटं अजून आहेत, ती तिथेच राहू देत. मी कोरडा, मृत दगड घेतला, बारा किलो. दुसऱ्या छंदिष्टाच्या टाकीतून मूठभर वाळू मागून आणली आणि तिच्यातले जीवाणू दगडावर वाढू दिले.

त्याला सायकल म्हणतात आणि त्यात घाई करता येत नाही. मंडईतून दोन कोळंब्या आणून जाळीच्या पिशवीत टाकीत टांगल्या. त्या कुजल्या की अमोनिया तयार होतो, जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. माझ्याकडे अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला ३८ दिवस लागले. टाकीत त्या काळात पाहण्यासारखं काही नसतं. दगडावर आधी तपकिरी साय धरते, मग केसांसारखं हिरवं शेवाळ. दोन्ही आपोआप ओसरतात. बाटलीतली औषधं ओतू नका, दिवा कमी तास लावा एवढंच.

डिसेंबरअखेर क्लाउनफिशची, म्हणजे त्याच नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची, जोडी आणली, हॅचरीत वाढवलेली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांचं प्रजनन आपल्याकडे बरीच वर्षं यशस्वी केलं आहे, आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवन प्रतिष्ठानाचीही हॅचरी आहे. हॅचरीतले मासे पहिल्या दिवसापासून दाणे खातात आणि त्यांच्यासाठी कुठलाही खडक फोडावा लागलेला नसतो. माझी निवड यापुढेही हीच राहील.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. दुकानात आरओ-डीआय यंत्र, म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं काढून टाकणारं गाळणयंत्र, ६,५०० ला होतं. घरी प्यायच्या पाण्याचं आरओ आहे, मग वेगळं कशाला, असं मला वाटलं आणि दुकानदारानेही 'चालतं' म्हणून सांगितलं. जानेवारीअखेर आठ गोगलगायी आणि दोन क्लीनर कोळंब्या आणल्या. तिसऱ्या दिवशी गोगलगायी वाळूवर उलट्या पडल्या, पाचव्या दिवशी दोन्ही कोळंब्या गेल्या. मासे मात्र उत्तम, भूक ताजी. अमोनिया शून्य, खारेपणा दर हजारी ३५, तापमान २६ अंश. सगळे आकडे बरोबर असताना एकेक जीव मरताना पाहणं फार वाईट असतं. ती रात्र मी टाकीसमोर बसून काढली.

मासे ठीक आणि बिनकण्याचे सगळे मेलेले, या एकाच गोष्टीवर विचार करत राहिले तेव्हा तांब्याची आठवण झाली. आमचं घरचं आरओ 'कॉपर' प्रकारचं आहे. पाणी गाळून झाल्यावर शेवटच्या कांडीतून ते त्यात तांबं सोडतं. माणसाला त्याने काही होत नाही, पण कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळांना अत्यल्प तांबंही विष ठरतं. माशांचे काही रोग तांब्याच्या औषधानेच बरे करतात, म्हणून मासे टिकले होते. खात्रीसाठी रसायनं शोषणारी एक पांढरी गादी फिल्टरमध्ये ठेवली. तिने तांबं शोषलं की ती निळसर होते. चार दिवसांत कडा निळ्या झाल्या.

मग आरओ-डीआय आणलंच. तीस टक्के पाणी तीन वेळा बदललं, पाच आठवडे गादी बदलत राहिले, कारण दगड तांबं धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. त्यानंतर एकच गोगलगाय सोडून दोन आठवडे वाट पाहिली. ती जगली तेव्हा पुढचं पाऊल टाकलं. साडेसहा हजार वाचवायला गेले आणि मेलेले जीव, फेकलेलं मिठाचं पाणी, गाद्या धरून तेवढेच गेले, शिवाय यंत्र घ्यावं लागलंच. रीफ टाकी करायची असेल तर काच स्वस्त घ्या, दिवा स्वस्त घ्या, पाण्यावर मात्र एक रुपया वाचवू नका. आमच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) एरवी ११० च्या आसपास असतो, मे महिन्यात टँकर आला की ६०० च्या वर जातो. यंत्रातून आलेलं पाणी मीटरवर ० दाखवतं. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर वाया जातं, ते बादल्यांत साठवून आम्ही फरशी पुसायला वापरतो.

मीठ विकत घ्यायचं की समुद्राचं पाणी आणायचं, हा प्रश्न मलाही पडला होता. सासूबाईंचं माहेर देवगडचं. मे महिन्यात गेलो तेव्हा मामांनी होडीतून किनाऱ्यापासून बरंच आत जाऊन तीन कॅन भरून दिले. पाणी अंधारात आठवडाभर ठेवून, कापडातून गाळून वापरलं. खारेपणा ३५ आणि झोआ (फुलांसारखे उमलणारे छोटे मऊ प्रवाळ) दुसऱ्या दिवशी पूर्ण फुललेले. मला वाटलं, झालं, मिठाचा खर्चच संपला. जूनमध्ये मामांना फोन केला तर म्हणाले, "आता नको गो, सगळा गढूळ पाणी इला हा." पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी आणि गाळ किनाऱ्याला येतो, खारेपणा घसरतो, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदीही असते. शिवाय शंभर लिटर पाण्यासाठी चिंचवड ते देवगड डिझेल आणि टोल! एका लिटरला साधारण ३७ ग्रॅम मीठ लागतं, म्हणजे आठवड्याच्या दहा लिटरला ३७० ग्रॅम. ५,२०० ची बादली वर्ष सहज काढते. समुद्राकाठी राहत असाल आणि स्वच्छ पाण्यापर्यंत जाणारी माणसं ओळखीची असतील तर आठ महिने समुद्राचं पाणी वापरा. आमच्यासारख्यांनी मीठ घ्यावं. खाडीचं किंवा शहराच्या किनाऱ्याचं पाणी मात्र कुणीच वापरू नये.

झोआ, मश्रूम आणि एक लेदर कोरल, एवढेच प्रवाळ माझ्याकडे आहेत. सगळे दुसऱ्यांच्या टाक्यांत वाढलेल्या वसाहतींचे तुकडे, मार्चअखेर आणलेले. कॅल्शियम वगैरे वेगळं घालावं लागत नाही, पाणी बदलताना मिठातून मिळतं ते पुरतं. आठवड्याला अल्कलिनिटी (पाण्याची आम्लता रोखण्याची क्षमता) पाहते, ८ ते ९ मध्ये राहते. नायट्रेट ५ ते १० ठेवते. पूर्ण शून्यावर आणायच्या नादात एकदा तपकिरी, बुडबुड्यांचं, चिकट शेवाळ आलं होतं, तेव्हापासून थोडं नायट्रेट असलेलं मला चालतं. झोआंबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं. त्यांना हात लावताना हातमोजे आणि चष्मा घालाच, आणि झोआ असलेला दगड गरम पाण्याने धुवायचा किंवा उकळायचा कधीही नाही. त्या वाफेने घरातल्या माणसांचा जीव धोक्यात येतो.

उन्हाळा ही खरी परीक्षा होती. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात टाकीचं पाणी ३१ अंशांवर गेलं. लेदर कोरल मिटून आखडला, झोआ अर्धे बंद. प्रवाळाच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल त्याला अन्न देतं, उष्णता वाढली की प्रवाळ तेच बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपची प्रवाळं अशीच पांढरी पडली होती. तेव्हा ती बातमी वाचली होती, घरात मिटलेला कोरल पाहिल्यावर ती मला खऱ्या अर्थाने कळली. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) माझ्या पूर्ण खर्चाइतका महाग होता. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपे दोन छोटे पंखे लावले, झाकण काढून जाळी बसवली, दिवा दुपारऐवजी संध्याकाळी ४ ते रात्री ११ केला. तापमान २८ वर आलं. पुण्याची एप्रिलमधली हवा कोरडी असते म्हणून पंखा एवढं काम करतो. दादरला राहणाऱ्या माझ्या मावसभावाला त्याच पंख्याने जेमतेम एक अंशाचा फरक मिळाला. मुंबईत हे करायचं असेल तर चिलरचे किंवा एसीचे पैसे आधीच बाजूला ठेवा.

पंख्यामुळे रोज तीन लिटर पाणी उडायचं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं, त्यामुळे भर घालायची ती शुद्ध पाण्याची, खाऱ्या नव्हे. मी दिवसभर ऑफिसात, म्हणून वर दहा लिटरची बादली ठेवून खाली कूलरचा तरंगता व्हॉल्व्ह लावला. बाजारात मिळणाऱ्या व्हॉल्व्हची दांडी पितळी असते आणि पितळ म्हणजे पुन्हा तांबंच! तीन दुकानं फिरून पूर्ण प्लास्टिकचा मिळवला. बादली मुद्दाम दहाच लिटरची आहे. व्हॉल्व्ह अडकून सगळी रिकामी झाली तरी खारेपणा ३५ वरून ३२ च्या आसपासच येईल, त्याने कुणी मरणार नाही.

थंडीत उलट. रात्री खोली १८ अंशांवर जाते. २०० वॉटचा एक हीटर नको, १०० वॉटचे दोन लावा. एखादा चालू अवस्थेत अडकला तरी टाकी शिजत नाही. मी दुसरा या डिसेंबरात घेतला. विजेचा खर्च हीटर सोडून महिन्याला २६ युनिटच्या आसपास येतो. जूनच्या वादळात पाच तास वीज गेली होती, तेव्हा बॅटरीवर चालणाऱ्या हवेच्या पंपाने सगळे वाचले. तो पहिल्या दिवशीच घेऊन ठेवा.

घरातली सगळी आता टाकीची माणसं झाली आहेत. ऑगस्टमध्ये पुन्हा क्लीनर कोळंबी आणली. दहाव्या दिवशी सकाळी ती वाळूवर आडवी, फिकट, निश्चल दिसली आणि मला पुन्हा जानेवारी आठवून रडूच आलं. सासूबाई चहाचा कप घेऊन आल्या, काचेजवळ वाकल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही कात आहे. कोळंबी मोठी होताना टाकते. ती बघ, मागे लपलीय." दगडाच्या फटीतून लांब पांढऱ्या मिशा हलत होत्या. देवगडला वाढलेल्या बाईला हे माहीत असणारच.

आज चार दगड झोआंनी भरले आहेत आणि लेदर कोरल दुप्पट झाला आहे. डिसेंबरापासून क्लाउनफिशची मोठी मादी डाव्या कोपऱ्यातल्या एका सपाट दगडाचा तुकडा तोंडाने रोज घासून साफ करते आहे, छोटा नर तिच्या मागे मागे. अंडी घालण्याआधी ते असं करतात. पिल्लं वाढवायची तर त्यांच्यासाठी रोटिफर हे सूक्ष्म जीव आधीपासून वाढवावे लागतात आणि त्याला जागा, वेळ दोन्ही हवं, ते ठरवलेलं नाही. त्या दगडावर पाण्याचा जोर नको म्हणून डावीकडचा वेव्हमेकर कालच मी दुसऱ्या कडेला हलवला.