12 लाखांच्या दोन ऑफर: परदेशी कंपनी की देशी?

पाच-सहा वर्षांच्या अनुभवानंतर पुणे-चाकण पट्ट्यातल्या इंजिनिअरपुढे हा पेच हमखास येतो. एक ऑफर परदेशी कंपनीच्या भारतातल्या शाखेची, दुसरी इथल्याच उद्योगसमूहाची. सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, दोन्हीकडे 12 लाख. आकडा सारखा असला तरी पगार सारखा नसतो.

मूळ पगार महिना 50,000 धरा. पूर्ण मूळ पगारावर 12 टक्के पीएफ असेल, तर कंपनीचे 6,000 आणि तुमचे 6,000 जातात. कंपनी 15,000 च्या कायदेशीर मर्यादेवरच भरत असेल, तर दोन्ही बाजूंनी 1,800. हा दुसरा प्रकार लहान-मध्यम देशी कंपन्यांत जास्त. वाचलेली रक्कम भत्त्यात घातली, तर हातात महिना 8,400 जास्त पडतात, पण पीएफ खात्यात तेवढेच कमी. ग्रॅच्युइटीही (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम; मूळ पगाराच्या 4.81 टक्के, इथे वर्षाला सुमारे 28,860) सीटीसीत मोजलेली असते आणि नेहमीच्या नोकरीत ती मिळायला सलग पाच वर्षं लागतात. तीन वर्षांत नोकरी बदलणाऱ्याने हा आकडा वजा करूनच तुलना करावी. परदेशी कंपनीच्या ऑफरमध्ये व्हेरिएबलचा (कामगिरीवर अवलंबून असलेल्या पगाराचा) वाटा बहुधा मोठा असतो. मागच्या तीन वर्षांत तो किती टक्के मिळाला, हे एचआरला सरळ विचारा.

मात्र खरा फरक पैशात नाही, सही कोणाची चालते यात आहे.

परदेशी कंपनीत ग्रेड, पगाराची पट्टी, रेटिंग सगळं लिखित. इथला मॅनेजर तुमच्यावर कितीही खूश असो, बढतीसाठी जागा मंजूर होते सिंगापूरला किंवा जर्मनीत. तिकडे भरती गोठवली की इथला प्लांट नफ्यात असूनही जागा अडकते. त्यात दोन बॉस: हजेरी-रजा इथल्याकडे, कामाचं मूल्यमापन परदेशातल्याकडे. वर्षभर इथल्याला खूश ठेवलं आणि रेटिंग दुसऱ्याने दिलं, ही नेहमीची फसगत.

देशी कंपनीत, विशेषतः मालक स्वतः रोज येतो तिथे, वर्षाच्या मध्येही एका बैठकीत पगार वाढतो. तिशीतच अख्खं डिपार्टमेंट हाती येऊ शकतं. पण ते लेखी नसतं. मालकाची पुढची पिढी आली, सल्लागार नेमले गेले, की तोंडी शब्दाला किंमत राहत नाही. शिवाय आठवड्याचे सहा दिवस काम, आणि पिंपरी-भोसरीकडे सुट्टी गुरुवारी. जोडीदाराची रविवारी असेल तर घरात याचा हिशेब आधीच करा.

‘देशी म्हणजे ढिसाळ’ हे मात्र सरसकट खरं नाही. टाटा स्टीलने जमशेदपूरला आठ तासांचा दिवस 1912 मध्ये आणि ग्रॅच्युइटी 1937 मध्ये आणली. ग्रॅच्युइटीचा कायदा आला 1972 मध्ये. आणि ‘परदेशी म्हणजे पक्की’ हेही नाही. जनरल मोटर्सने तळेगावचं उत्पादन डिसेंबर 2020 मध्ये थांबवलं, फोर्डने 2021 मध्ये भारतातलं उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. असे निर्णय इथल्या एचआरच्या हातात नसतात.

पद्धतशीर काम शिकायचं असेल, पुढे परदेशात जायचं असेल, तर परदेशी कंपनी घ्यावी. निर्णय लवकर स्वतःच्या हातात हवे असतील, तर मध्यम आकाराची देशी.

दोन्हीकडे सही करण्याआधी नेमणूकपत्रावर नाव कोणाचं आहे ते बघा. बोलणी कंपनीशी आणि पत्र मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराचं असेल, तर वर लिहिलेलं बरंचसं गैरलागू ठरतं. नोटीस 90 दिवसांची असेल, तर पैसे भरून लवकर सुटता येतं का, की ते कंपनीच्या मर्जीवर आहे, हे वाचा. जॉइनिंग बोनस एका वर्षाच्या आत सोडल्यास परत मागतात; करासकट की कर वजा जाता, हे लेखी घ्या. परदेशी कंपनीचे शेअर मिळणार असतील, तर ते नावावर होतात त्याच वर्षी पगार समजून त्यांवर कर लागतो, आणि रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या रकान्यात ते दरवर्षी दाखवावे लागतात, एकही विकला नसला तरी.