अठ्ठेचाळीस बिटं, त्यांतली कामाची चार

लॅपटॉपचा पंखा दोन महिने पिठाच्या चक्कीसारखा घरघरत होता. झाकण उघडायचं, ब्रश फिरवायचा, झाकण लावायचं. अर्ध्या तासाचं काम म्हणून बसलो. त्या अर्ध्या तासाचे तीन रविवार झाले. दोष पंख्याचा नाही की धुळीचा नाही, खालच्या झाकणाच्या दहा स्क्रूंचा.

दिसताना आठच दिसतात. चष्मा लावून पाहिलं तर खाच अधिक चिन्हाची नव्हती, सहा टोकांच्या चांदणीची होती. म्हणजे टॉर्क्स, आकार टी ५. माझ्याकडे पेनाएवढा एक जुना स्क्रूड्रायव्हरचा संच पडून होता, त्यातल्या टी ५ ने तीन स्क्रू निघाले. चौथ्याला बिट, म्हणजे मुठीत बसवायचं बदलतं टोक, गरागरा फिरायला लागलं. मी म्हटलं, गेला, स्क्रूचा माथा झिजला. टेबललॅम्प खाली ओढून पाहतो तर स्क्रू जवळपास जसाच्या तसा, आणि बिटाचीच सहाही टोकं गोल झालेली! स्वस्तातलं मऊ पोलाद. मग नसती बुद्धी सुचली आणि एक आकार लहान, टी ४ घालून पाहिलं. ते खाचेत आरामात जातं, आरामात फिरतं आणि फिरताना खाचेच्या कडा खरवडतं. हे कुणी करू नका. मध्ये रबर बँड धरायची युक्ती मोठ्या फिलिप्स, म्हणजे अधिक चिन्हाच्या, खाचेत कधीकधी चालून जाते; या मोहरीएवढ्या भोकात रबराला शिरायलाच जागा नाही.

म्हणून हा अठ्ठेचाळीस बिटांचा संच मागवला. पाचपैकी साडेतीन तारे देतोय, आणि ते जवळजवळ सगळे एकट्या टी ५ चे आहेत.

बिटं एस २ नावाच्या कडक पोलादाची आहेत, दांडा ४ मिलिमीटरचा. दांड्याची जाडी आवर्जून बघा. ड्रिलला लावतो ती नेहमीची बिटं ६.३५ मिलिमीटरची असतात, आणि स्क्रू खोल नळीत बसलेला असला की तो जाडा दांडा वरच अडकतो. या संचातलं टी ५ अडलेल्या स्क्रूत असं घट्ट बसलं की मूठ सोडली तरी उभं राहिलं. आधी केसभर घट्ट करायच्या दिशेला फिरवलं, मग उलटं. कट्. बाहेर आलेल्या स्क्रूच्या आट्यांवर निळा लेप होता. हलून-हलून स्क्रू ढिले पडू नयेत म्हणून तो लावलेला असतो. चांगलंच आहे, फक्त तो पहिला कट् येईपर्यंत जीव टांगणीला लागतो.

मुठीची टोपी स्वतंत्र फिरते. तर्जनीने वरून दाबायचं आणि अंगठा-मधल्या बोटाने फिरवायचं. बारीक स्क्रूला हे हवंच, दाब सुटला की खाच खराब झालीच समजा. मूठ मात्र नको इतकी गुळगुळीत आहे, हाताला घाम आला की सटकते. चुंबक तर नावापुरतं: मूठ वर उचलली की बिट खाली स्क्रूतच राहतं. आणि खोक्यावरचे आकडे राखाडीवर राखाडी. टी ५ आणि टी ६ शेजारीशेजारी ठेवलेत, दोघांत फरक जेमतेम पाव मिलिमीटरचा. बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका लावून मी माझा प्रश्न सोडवला. असलं काम गिऱ्हाइकाने का करायचं?

टॉर्क्सवर माझा राग नाही. १९६७ पासूनची रचना आहे आणि तिला कारण आहे. फिलिप्समध्ये जोर वाढला की बिट खाचेतून वर सरकतं. टॉर्क्सच्या भिंती उभ्या असतात, जोर सरळ फिरवण्यातच जातो. पण खोक्यात पाच पाकळ्यांचं पेंटालोबही आहे. २००९ मध्ये ॲपलने मॅकबुक प्रोच्या बॅटरीला ते स्क्रू लावले, तेव्हा त्याचा ड्रायव्हर सहजासहजी कुठे मिळत नसे. सहा टोकं चांगली चालत असताना एक कमी केल्याने स्क्रू जास्त धरतो का? मला तरी तसं वाटत नाही. तीन पात्यांचं, मधे भोक असलेलं, त्रिकोणी, अशीही बिटं आहेत. ती मी एकदा हाताळून पाहिली आणि जागच्या जागी ठेवली.

आता राहिलेले दोन स्क्रू. आठ काढूनही झाकण मागच्या बाजूने हलेना. मी जुनं प्लॅस्टिकचं कार्ड फटीत घालून रेटलं आणि आतली एक खुंटी तुटली. मागची रबराची पट्टी उचकटल्यावर दिसलं की उरलेले दोघं तिच्याखाली लपलेत. तेही टॉर्क्स नाहीत, पीएच ०० आकाराचे फिलिप्स! आणि बाकीच्यांपेक्षा लांब. लांबीचा हा घोळ बिटाच्या घोळापेक्षा वाईट, कारण लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरच्या भागाला फोड येतो, नाहीतर खालच्या सर्किट बोर्डात घुसतो. म्हणून पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढला आणि ज्याचा तो स्क्रू ज्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवला. इतक्या बिटांच्या खोक्यात एखादी चुंबकी चटई दिली असती तर चौथा तारा दिला असता.

पंखा काढायला पीएच ०० पुरलं, बिजागरीजवळच्या दोघांना पीएच ० लागलं. पात्यांमागे धुळीचा चक्क नमदा बसला होता, चिमट्याने अख्खा सोलून निघाला.

आता लॅपटॉप चालू आहे की बंद, कान लावून पाहावं लागतं. रबराची पट्टी काही पुन्हा चिकटली नाही. दुहेरी टेप लावलाय, तो एका बाजूला किंचित जाड झाला, त्यामुळे हे टाइप करताना लॅपटॉप डुगडुगतोय.