म्हातारा कुत्रा आणि उंच गाडी: रॅम्प, पायऱ्या, हार्नेस की सरळ उचलून घ्यायचं?

काहीही विकत घेण्याआधी टेप घेऊन खाली पार्किंगमध्ये जा. जमिनीपासून डिकीच्या काठापर्यंत किती आणि मागच्या सीटपर्यंत किती, हे दोन आकडे लिहून ठेवा. हॅचबॅकच्या डिकीचा काठ साधारण ७० सेंमीच्या आसपास भरतो, एसयूव्हीचा बहुधा त्याहून वर. सेडानची मागची सीट बरीच खाली, ५०-५५ सेंमीला. कुत्र्याची जात, वय, वजन हे सगळं पाहायचंच, पण खरा निर्णय या आकड्यांवर होतो, आणि दुकानातला माणूस ते विचारत नाही.

कुत्रा लहान असेल तर फार विचार नको. पग, पॉमेरियन, डॅशहुंड यांना उचलूनच घ्या. एक हात छातीखाली, दुसरा मांड्यांच्या मागून, पाठ आडवी राहील असं. काखेत धरून लोंबकळत उचलू नका. डॅशहुंडच्या लांब पाठीला मणक्याच्या चकतीचा त्रास फार लवकर होतो, त्यामुळे त्याला तर तरुणपणीही उड्या मारू देऊ नयेत.

लॅब्रेडोर किंवा जर्मन शेफर्ड मात्र सहज तीस किलोच्या घरात जातो. म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचा भरलेला सिलिंडर, आणि सिलिंडर निदान हातपाय झाडत नाही. एखाद्या वेळी जमेलही, पण रोज उचलायचं ठरवलंत तर कुत्र्याआधी तुमची कंबर जाईल. शिवाय सांधे दुखत असले की एरवी गरीब असलेला कुत्राही चुकीच्या जागी हात लागताच चावू शकतो.

घडीच्या पायऱ्या दिसायला सुटसुटीत आणि जागा कमी खाणाऱ्या. मध्यम आकाराच्या, अजून बऱ्यापैकी तरतरीत असलेल्या कुत्र्याला चालतात. पण प्रत्येक पायरीवर मागच्या पायांना छोटा रेटा द्यावाच लागतो आणि नेमका तोच जोर म्हातारपणी गेलेला असतो. मोठ्या कुत्र्याचं सगळं अंग एका पायरीवर मावतही नाही. जो घराचा जिना चढताना अडतो, तो गाडीच्या पायऱ्यांवरही अडणार. अशा कुत्र्यासाठी मी पायऱ्या घेणार नाही.

हार्नेसला, म्हणजे कुत्र्याच्या अंगावर बांधायच्या पट्ट्यांना, मी जास्त मार्क देतो, विशेषतः सेडान असेल तर. पाठीवर आणि कमरेवर मूठ असलेला हार्नेस घ्यायचा. कुत्रा स्वतः पुढचे पाय सीटवर ठेवतो, तुम्ही फक्त मागचा भाग वर उचलता, म्हणजे निम्म्याहून कमी वजन. तात्पुरतं काम पोटाखालून, मागच्या पायांच्या जरा पुढे घातलेल्या जाड टॉवेलवरही भागतं. फक्त नर असेल तर लघवीच्या जागेवर दाब येत नाही ना ते बघा. मर्यादा एकच, दर वेळी धडधाकट माणूस सोबत हवा. घरात सत्तरीचे आई-बाबाच कुत्र्याला डॉक्टरकडे नेत असतील तर हार्नेसच्या भरवशावर राहू नका.

आता रॅम्प, म्हणजे गाडीला टेकवायची तिरकी फळी. इथे सगळा खेळ लांबीचा. ७० सेंमी उंचीला १८० सेंमीचा रॅम्प टेकवला तर चढ २३ अंशांचा होतो. १५० सेंमीचा असेल तर २८. १२० सेंमीचा, जो सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सुटसुटीत दिसतो, तो थेट ३५ च्या वर जातो, आणि ज्याचे खुबे दुखतात त्याने तो चढावा ही अपेक्षाच चूक. २५ अंशांच्या आत राहा. तोच १५० चा रॅम्प सेडानच्या ५० सेंमीच्या सीटला लावला तर १९-२० अंश पडतात आणि छान चालतो. म्हणून ‘कोणता रॅम्प चांगला’ या प्रश्नाला गाडी सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

लांबी परवडत नसेल तर उंची चोरा. फूटपाथच्या किंवा सोसायटीतल्या कट्ट्याच्या कडेला डिकी लावून रॅम्पचं खालचं टोक वर टेकवलं की पंधराएक सेंमी वाचतात. उतारावर गाडी उभी करताना डिकी चढाच्या बाजूला ठेवली तरी तेच. हँडब्रेक मात्र न विसरता.

रुंदी ४० सेंमी तरी असू द्या, दोन्ही कडांना पट्टी हवी. मोतीबिंदू झालेल्या कुत्र्याला कड दिसत नाही, पायाला लागते. पृष्ठभागावर रबर किंवा जुनं जाजम चांगलं. सॅंडपेपरसारखा खरखरीत थर पंजाच्या गाद्या सोलतो. अॅल्युमिनियमचा रॅम्प हलका, पण एप्रिल-मेच्या उन्हात त्याला आधी स्वतःचा तळहात लावून बघा. ओळखीचा सुतार असेल तर १८ मिमी प्लायवर खालून दोन उभ्या पट्ट्या ठोकून, वर रबर चिकटवून उत्तम रॅम्प होतो. फक्त तो बराच जड भरतो आणि घडी होत नाही, त्यामुळे घरून निघून घरीच परतणाऱ्यांसाठी ठीक. गावाला जायचं असेल तर उतरताना लागणारच, तेव्हा घडीचाच घ्या.

एक अडचण आपल्याकडची. बहुतेक सीएनजी गाड्यांच्या डिकीत टाकी असते, म्हणजे मागच्या सीटचं दारच उरतं. आणि पार्किंगमध्ये शेजारची गाडी इतकी चिकटून असते की बाजूने १८० सेंमीचा रॅम्प पसरायला जागाच नाही. अशांनी गाडी आधी बाहेर काढावी, मग कुत्र्याला आणावं. किंवा हार्नेसच घ्यावा.

चढण्यापेक्षा उतरण्याकडे जास्त लक्ष द्या. कुत्र्याचं साठेक टक्के वजन एरवीही पुढच्या पायांवर असतं, खाली उडी मारताना तर सगळा दणका खांदे आणि कोपरांवर बसतो. चढायला अडणारा कुत्रा उतरताना मात्र उत्साहात झेपावतो. तेव्हा दार उघडण्याआधी पट्टा हातात असू द्या.

रॅम्पची सवय गाडीपाशी लावू नका. आधी घरात जमिनीवर पसरून त्यावर उकडलेलं चिकन किंवा पनीर, मग एका पायरीवर टेकवून, मग गाडी. ओढायचं नाही, शेजारून चालायचं. हे कुत्रा अजून धड चालतोय तेव्हाच करावं. दुखायला लागल्यावर नवी फळी त्याला संशयास्पदच वाटते. आणि दुखतंय म्हणून घरातली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा पॅरासिटामॉल देऊ नका, कुत्र्यांना ती विषारी ठरू शकतात. वेदनेचं औषध पशुवैद्यांकडूनच घ्या. ते लागू पडलं तर कधी कधी रॅम्प आणखी काही महिने कपाटातच राहतो.

माझी निवड विचाराल तर: एसयूव्ही आणि मोठा कुत्रा असेल तर १८० सेंमीचा घडीचा रॅम्प, किंमत बोचली तरी. सेडान आणि घरात तरुण माणूस असेल तर हार्नेस पुरे. कारवानीसारखा लांब पायांचा, सडपातळ कुत्रा बराच काळ नुसत्या हार्नेसच्या आधारावर निभावतो. मागचे पाय पूर्णच गेले असतील तर यातलं काहीच घेऊ नका. जाड चादरीवर आडवं करून दोघांनी दोन टोकं धरून न्या, आणि तपासणीसाठी डॉक्टर घरी येतात का ते आधी विचारा.