नव्या वाचनालयासाठी करून घेतलेला वारसा-परिणाम अहवाल : एक परीक्षण

जुन्या नाशकात, रविवार कारंजा आणि सराफ बाजार यांच्या मधल्या भागात, सार्वजनिक वाचनालयाची नवी इमारत उभी राहिली तर शेजारच्या वारसास्थळांवर तिचा काय परिणाम होईल, याचा अहवाल आमच्या कार्यकारी मंडळाने एका सल्लागार संस्थेकडून करून घेतला. संस्थेचे नाव येथे देत नाही. अशी सेवा घेऊ पाहणाऱ्यांना नावापेक्षा काय मागून घ्यावे हे कळणे अधिक उपयोगाचे आहे. माझे मत असे की, नजरेला जाणवणाऱ्या परिणामांची तपासणी सल्लागारांनी मनापासून केली आहे. पायाखालची जमीन आणि रोज येणारी माणसे मात्र अहवालातून जवळजवळ निसटली आहेत.

आधी चांगल्या भागाविषयी. या परिसरात उंचीचा प्रश्न नाजूक आहे. गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी १७५६ मध्ये बांधलेले सुंदरनारायण मंदिर गोदावरीच्या अलीकडे आणि नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ मध्ये बांधलेले मंदिर पलीकडे पंचवटीच्या काठावर, अशी ही रचना आहे आणि ती पाहायची तर घाटावरून, रस्त्यावरून नव्हे. सल्लागारांनी हे अचूक हेरले. संगणकावरच्या चित्रांवर भिस्त न ठेवता त्यांनी नियोजित जागेवरून दोरीला बांधलेला तांबडा फुगा इमारतीच्या उंचीइतका वर सोडला आणि तो कोठून किती दिसतो याची छायाचित्रे नारोशंकराच्या तटाजवळून, रामकुंडाच्या पायऱ्यांवरून आणि अहिल्याबाई होळकर पुलावरून घेतली. वारा पडेपर्यंत थांबून, दोरी सरळ झाल्यावरच कॅमेऱ्याचे बटण दाबले जाई. घाटावरच्या एका फुलवाल्या मावशींनी "दादा, उद्घाटन कुणाचं आहे?" असे विचारले, तेव्हा फुगा व्यवस्थित दिसतो आहे याबद्दल कोणाला शंका उरली नाही. पहिल्या आराखड्यातील सर्वांत वरचा मजला पुलावरून पाहताना सुंदरनारायणाच्या शिखराशी स्पर्धा करत होता, ही गोष्ट वास्तुविशारदाच्या कागदावर कधीच कळली नसती. तो मजला अहवालामुळे रद्द झाला आणि दर्शनी भागातील काचेची भिंतही गेली. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या आणि सौर पॅनेल नदीच्या बाजूने दिसू नयेत, अशी सूचना आली तीही रास्त होती, कारण नाशकातील अनेक चांगल्या इमारतींची शोभा शेवटी काळ्या प्लास्टिकच्या टाक्यांनीच घालवली आहे.

सावलीच्या अभ्यासावर मात्र गरजेपेक्षा अधिक पाने खर्ची पडली आहेत. सुंदरनारायण मंदिर पूर्वाभिमुख असून मार्चमधील विषुवदिनाच्या सुमारास उगवत्या सूर्याची किरणे थेट मूर्तीवर पडतात, अशी त्याची ख्याती आहे. आमची जागा मंदिराच्या पाठीमागच्या बाजूला असल्याने सकाळच्या किरणांना तिची बाधा होण्याचा प्रश्नच नव्हता. हे एका परिच्छेदात सांगता आले असते.

खरी उणीव जमिनीखाली आहे. अहवालात "पुरातत्त्वीय शक्यता : अल्प" एवढीच ओळ असून तिच्यामागचे कारण दिलेले नाही. ही जागा सपाट पठारावरचा नवा बिनशेती प्लॉट असती तर ती ओळ चालून गेली असती. परंतु याच काठावर, चालत जाण्याच्या अंतरावर, मातीची गढी आहे, जेथे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले आणि सातवाहनपूर्व काळापासूनच्या वस्तीचे थर उजेडात आणले. नाशिक आणि जोर्वे येथील त्या उत्खननाचा वृत्तान्त छापील स्वरूपात उपलब्ध आहे. तो संदर्भ म्हणूनसुद्धा अहवालात येऊ नये, ही गोष्ट मला खटकली. आराखड्यात वाहनतळासाठी तळघर दाखवलेले असताना पाया खोदण्यापूर्वी दोन-तीन चाचणी खड्डे घ्यावेत, खापरे किंवा जुने बांधकाम लागल्यास काम थांबवण्याचा अधिकार कोणाकडे असेल हे ठरवावे, एवढी अपेक्षा अवास्तव नव्हती.

खोदकामाच्या हादऱ्यांबाबतही तसेच. जवळचा सरकारवाडा ही पेशवेकालीन वास्तू आहे. तिचे लाकडी खांब, तुळया आणि चुन्यातील भिंती यांना ब्रेकर लावलेल्या यंत्राचा धक्का कितपत सोसेल, हे "योग्य ती काळजी घ्यावी" या वाक्यातून कळत नाही. काम सुरू होण्यापूर्वी भिंतींवरील प्रत्येक भेगेचे छायाचित्र घेणे, तिच्यावर आडवी काचपट्टी चिकटवून ती तडकते का हे पाहणे आणि कंपनमापक बसवणे, या गोष्टी कोणताही अनुभवी अभियंता सांगेल. हे येथे विशेष लागू होते, कारण १८४० मध्ये स्थापन झालेले नाशिकचे सार्वजनिक वाचनालय पूर्वी याच सरकारवाड्यात होते. ज्या वाड्याने शहराला वाचायला जागा दिली, त्याच्या भिंतींना वाचनालयाच्या बांधकामाने तडे जाणे शोभणारे नाही.

पुराचे प्रकरण अर्धे चांगले आहे. वारंवार येणाऱ्या पुराची निळी आणि क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची लाल अशा दोन्ही पूररेषा नकाशावर नीट दाखवल्या आहेत, २००८ आणि २०१९ च्या पुरांचा उल्लेख आहे आणि दुर्मीळ ग्रंथ तळमजल्यावर ठेवू नयेत ही शिफारसही आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिककर घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कोठपर्यंत पाणी आले ते पाहतात, तेव्हा पूर म्हणजे काय हे येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. परंतु अहवाल पुराकडे केवळ पुस्तकांना असलेला धोका म्हणून पाहतो. इमारतीचे जोते उंच केले आणि भोवती पक्की संरक्षक भिंत घातली तर आजवर या मोकळ्या जागेत पसरणारे पाणी शेजारच्या बोळात शिरेल आणि तेथील मातीच्या भिंतींचे वाडे त्यात उभे राहतील. परिणामाचे मूल्यमापन म्हणतात ते नेमके हेच, आणि त्यावर एक शब्दही नाही.

कायद्याचा भाग वाचताना तो बहुधा पांडवलेणीसाठी लिहिलेल्या एखाद्या जुन्या अहवालातून उचलला असावा, असे वाटले. केंद्र-संरक्षित स्मारकांभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण ही तरतूद १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने आली. पांडवलेणी केंद्राच्या संरक्षणाखाली असल्याने तेथे ती लागू आहे. सरकारवाडा आणि सुंदरनारायण ही राज्य-संरक्षित स्मारके असून त्यांच्यासाठी महाराष्ट्राचा १९६० चा कायदा पाहावा लागतो. हा फरक न केल्याने परवानगीचा अर्ज कोणत्या कार्यालयात द्यावा, याविषयी आमच्याच मंडळात गोंधळ उडाला.

आता माणसांविषयी. अहवालात वाचकांची ये-जा मोजताना पुस्तक बदलून घरी जाणारा सभासद गृहीत धरला आहे. आजच्या सार्वजनिक वाचनालयाचा गाडा मात्र अभ्यासिकेवर चालतो, हे महाराष्ट्रात वाचनालय चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. स्पर्धा परीक्षांची मुले पहाटे येतात, रात्री उशिरा जातात, बहुतेकजण दुचाकीवर येतात आणि त्यांच्यामागोमाग चहाची टपरी, मेस, झेरॉक्सचे दुकान आणि कॉट बेसिसवर दिलेल्या खोल्या येतात. यात मुलांचा दोष काहीच नाही. परंतु सराफ बाजाराच्या बोळात, जिथे मंगळसूत्र घ्यायला आलेले कुटुंब आणि तांब्या-पितळेची भांडी वाहणारी हातगाडी एकमेकांना वाट देत चालतात, तेथे या दुचाक्या उभ्या कोठे राहणार? आणि ज्या वाड्याच्या मालकाला आज घरपट्टी भरणेही जड जाते, तो उद्या ओटा फोडून शटर बसवणार नाही का? अहवालाच्या तक्त्यात असे सर्व वाडे "अल्प महत्त्व" या रकान्यात गेले आहेत. स्मारकाचे महत्त्व आणि बदलाची तीव्रता यांचा मेळ घालणारा हा तक्ता जागतिक वारसास्थळांच्या मूल्यमापनात रूढ झाला. तेथे नोंद नसलेली वास्तू सहसा खालच्या पायरीवर जाते. आमच्या गल्लीचे जुनेपण तर अशाच बिननोंदीच्या वाड्यांनी टिकवले आहे.

२०२७ च्या सिंहस्थाचा उल्लेख प्रस्तावनेत दोनदा येतो आणि पुढे कोठेही नाही. पर्वणीच्या दिवसांत घाटाकडे जाणारे रस्ते वाहनांना बंद असतील, त्या काळात बांधकामाची खडी, वाळू आणि मालवाहू गाड्या यांचे काय करायचे, हे त्यात यायला हवे होते.

या त्रुटी कळवल्यावर संस्थेने पुरवणी टिपणासाठी वेगळे शुल्क मागितले. कार्यादेशात "वारसास्थळांवरील सर्व संभाव्य परिणाम" असे स्पष्ट लिहिलेले असल्याने मंडळाने ते नाकारले आणि शेवटचा हप्ता राखून ठेवला. त्यानंतर चाचणी खड्ड्यांच्या जागा आखून मिळाल्या आणि कायद्याचे प्रकरणही नव्याने लिहून आले. तळघराचा निर्णय खड्ड्यांत काय लागते ते पाहूनच होणार आहे. उंची, दर्शनी रूप आणि नदीकडून दिसणारे दृश्य एवढ्यापुरते काम असेल तर या संस्थेकडे अवश्य जावे. जुन्या वस्तीत पाया खोदायचा असेल तर मात्र पुरातत्त्वाचा जाणकार आणि पुराचे पाणी समजणारा अभियंता आपण स्वतंत्रपणे नेमावा आणि त्यांची नावे कार्यादेशातच घालावीत. अभ्यासिकेच्या दुचाक्या कोठे लावायच्या, या प्रश्नाला संस्थेकडून अजून उत्तर आलेले नाही. तो आता मंडळाच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर आहे.