वाशिष्ठीची बोटफेरी: मगरी भरपूर, नदी कमी

मगरी बघायच्या असतील तर चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या धक्क्यावरून सुटणारी बोटफेरी डोळे झाकून करा. माझ्याकडून पाचापैकी साडेतीन तारे.

फोन कराल तेव्हा भाड्याच्या आधी ओहोटीची वेळ विचारा. समुद्राची भरती इथवर चढते. काठचा चिखल पाण्याखाली गेला की मगरी उन्हाला पडणार कुठे? आम्ही ओहोटीला गेलो. कांदळवनाच्या कडेला जबडा वासून एक धूड पडलं होतं. बोट चालवणाऱ्या तांडेलदादांनी इंजिन बंद केलं आणि बोट तशीच सरकू दिली. जबड्याच्या आतला फिकट पिवळा रंग दिसेपर्यंत जवळ गेलो. मग शेपटी एकदाच वळली आणि चिखलावर नुसती ओली चर राहिली. अखंड बडबडणारा माझा भाचा त्यानंतर बराच वेळ गप्प होता, त्याचा अर्धा तारा वाढवून दिलाय.

पण मी कराडची, माझं लक्ष पाण्याकडे. आमची कोयना महाबळेश्वरला उगम पावते, दक्षिणेला उतरते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कराडात कृष्णेला मिळते. धरणात अडवलेलं तिचं पुष्कळ पाणी मात्र कराड बघतच नाही. ते सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरतं, पोफळी-अलोऱ्याची वीजगृहं चालवतं आणि वाशिष्ठीत पडतं. कृष्णा पाणी तंटा लवादाने या वळवलेल्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली होती. बंगालच्या उपसागराच्या वाटेवरचं पाणी असं दाभोळला अरबी समुद्रात जातं. कोकणातल्या कितीतरी नद्या एप्रिलात दगडधोंडे दाखवतात, वाशिष्ठी भर उन्हाळ्यात वाहते ती या अवजलावर, म्हणजे वीज करून सोडलेल्या पाण्यावर.

बोटीत यातलं अवाक्षर नाही. स्पीकरवर गाणी! मीच विषय काढला तेव्हा तांडेलदादा खुलले. "म्हणजे ताई, तुमचंच पाणी हे. वर मशीन चालू झाली की चिपळुणात लगेच कळतं." २२ जुलै २०२१ च्या पुराबद्दलही बोलले. पाऊस आणि भरती एकत्र आली हे सगळेच मानतात, अवजलाचा वाटा किती यावर मात्र अजून वाद. एवढं माहीत असलेला माणूस सुकाणूवर बसवायचा आणि त्याच्याकडून फक्त "ती बघा मगर" वदवून घ्यायचं, याला काय म्हणावं? गाणी बंद करून त्यांना बोलू द्या, एक तारा लगेच वाढवते.

उरलेला अर्धा लाइफ जॅकेटसाठी कापलाय. माझ्या जॅकेटचं बक्कल तुटलेलं होतं, दोरीने गाठ मारून दिली. मगरींच्या नदीत हे चालणार नाही.

भाडं माणशी नाही, अख्ख्या बोटीचं आहे, तेव्हा पाच-सहा जण मिळून जा. टोपी न्या, बोटीवरचं छप्पर नावापुरतं आहे. जगबुडी मिळाल्यावर पात्र रुंदावतं तो खालचा टप्पा आणि दाभोळचं मुख या फेरीत येत नाही. त्यासाठी वेगळा दिवस काढून दाभोळ-धोपावे फेरीबोट धरा, तिच्यात गाडीही चढते. कराडहून येणार असाल तर कुंभार्ली घाट उजेडात उतरा आणि पोफळीत चहाला थांबा.