ब्लू ट्रेनची मोनो एलपी: ओरिजिनलचा नाद सोडा

जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा अल्बम ब्लू ट्रेन, ब्लू नोट लेबलच्या टोन पोएट या रीइश्यू सिरीजमधली 2022 ची मोनो (एकाच चॅनेलची) एलपी, डोळे झाकून घ्या. 1957 चं रेकॉर्डिंग, रेकॉर्डिंग इंजिनियर रूडी व्हॅन गेल्डरने न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला आईवडिलांच्या दिवाणखान्यात केलेलं, आता मास्टरिंग इंजिनियर केव्हिन ग्रेने मूळ टेपवरून मास्टर केलंय, त्यामुळे ली मॉर्गनचा ट्रम्पेट असा अंगावर येतो की शेजारचे बेल वाजवतील. मोमेंट्स नोटिस या ट्रॅकमध्ये पॉल चेंबर्स बास गजाने वाजवतो तिथली खरखर ऐकाच.

ओरिजिनलवाले (त्या काळची पहिली प्रतच हवी असणारे) लेबलाशेजारच्या कोऱ्या पट्टीत प्लास्टिलाइट या रेकॉर्ड छापणाऱ्या कारखान्याची ती कानासारखी खूण शोधत बसतात (बसू देत), तेवढ्या पैशात चांगला टर्नटेबल येतो राव. आउटटेक्स (अल्बममध्ये न घेतलेले टेक्स) हवे असतील तर मात्र दोन एलपींचा स्टिरिओ सेट बघा, मला तरी मोनोच पुरे.