गवत कापण्याच्या यंत्राला घरी बांधलेला लिथियम पॅक : दोन हंगामांच्या वापरानंतर

माझ्याकडचे गवत कापण्याचे विजेचे यंत्र २४ व्होल्टचे आहे. त्याच्या पोटात १२ व्होल्ट, १८ अँपिअर-तासाच्या दोन बंद लेड-ॲसिड बॅटऱ्या होत्या. त्या निकामी झाल्यावर मी त्यांच्या जागी ५६ लिथियम-आयन सेलांचा पॅक स्वतः बांधून बसवला. या पॅकवर यंत्राने दोन हंगाम काढले आहेत, त्यामुळे त्याच्या गुणदोषांविषयी आता खात्रीने लिहिता येईल. असा बदल करणाऱ्यांना सर्वांत मोठे आकर्षण असते ते यंत्र जास्त वेळ चालण्याचे. तो लाभ मिळतोच, पण माझ्या लेखी पहिला क्रमांक त्याचा नाही. पहिल्या पट्ट्यात पात्याला जो जोर असतो तो जवळजवळ शेवटच्या पट्ट्यापर्यंत टिकतो, हे या पॅकचे खरे देणे आहे.

लेड-ॲसिड बॅटरीवर छापलेले १८ अँपिअर-तास हे सहसा वीस तासांत हळूहळू रिकामी करताना मोजलेले असतात, म्हणजे जेमतेम ०.९ अँपिअरच्या प्रवाहाला. माझे यंत्र साध्या गवतात सरासरी २२ अँपिअर घेते आणि दाट, ओलसर गवतात हाच आकडा चाळिशीच्या घरात जातो. इतक्या ओढीखाली त्याच बॅटरीतून दहा अँपिअर-तासांच्या आसपासच हाती लागतात, म्हणून नवी असतानाही ती पंचवीस मिनिटांच्या पुढे फारशी गेली नाही. आणि त्यांतलीही शेवटची आठ-दहा मिनिटे पाते गवत कापण्याऐवजी ते नुसते आडवे पाडत पुढे जात असे. पॅक बसवल्यानंतर तेच काम सलग पन्नास मिनिटे होते. लिथियमचा दाब, म्हणजे व्होल्टेज, उतरतच नाही असे मात्र नाही. पूर्ण चार्ज झाल्यावर तो २९.४ व्होल्ट असतो, पहिल्या काही मिनिटांत झटकन खाली येतो, मग बराच काळ २६ ते २४ व्होल्टच्या दरम्यान रेंगाळतो आणि अगदी शेवटी एकदम कोसळतो. कायमचुंबकी मोटरचा वेग दाबाच्या प्रमाणात असल्याने सुरुवातीला पात्याचा आवाज जुन्या दिवसांपेक्षा स्पष्टपणे वरच्या पट्टीत ऐकू येतो. जास्त जोरासाठी सातऐवजी आठ सेल मालिकेत जोडण्याचा मोह होऊ शकतो, पण तसे करू नये. २४ व्होल्टसाठी घडवलेल्या पात्याला आणि मोटरला ३३.६ व्होल्टवर पळवणे हा धोका पत्करण्याजोगा नाही.

पॅकची रचना सात मालिकेत आणि आठ समांतर अशी आहे. १८६५० आकाराचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा, प्रत्येकी २५०० मिलिअँपिअर-तासाचा सेल. आठ समांतर जोडले की २० अँपिअर-तास होतात, आणि असे सात गट एकामागोमाग जोडले की सरासरी २५.२ व्होल्ट. एका सेलचे वजन सुमारे ४५ ग्रॅम असल्याने नुसते सेल अडीच किलोंचे, आणि साचे, तारा, संरक्षण-पट्टी (सेलांवर लक्ष ठेवून गरज पडल्यास पुरवठा तोडणारे सर्किट) व खोका धरून सगळा पॅक साडेतीन किलोंचा झाला. जुन्या दोन बॅटऱ्या मिळून अकरा किलोंच्या होत्या.

हा माझा दुसरा पॅक आहे, आणि पहिल्याविषयी सविस्तर लिहिणे मला जास्त गरजेचे वाटते. पहिला पॅक मी जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या सेलांचा केला होता. प्रत्येक सेल चार्ज करून, रिकामा करून, क्षमता नोंदवून मी गट पाडले होते आणि कागदावर सगळे चोख दिसत होते. यंत्र हिरवळीवर नेले तर दहाव्या मिनिटाला पॅक बंद पडला. मोजमाप पुन्हा केल्यावर चूक कळली. मी क्षमता मोजली होती, अंतर्गत रोध, म्हणजे सेलच्या आतच प्रवाहाला होणारा अडथळा, मोजलाच नव्हता. जुन्या सेलांचा रोध सरासरी ६० मिलिओहम निघाला. आठ समांतर धरले तर एका गटाचा ७.५ आणि सात गटांचा मिळून ५२ मिलिओहम होतो. ३० अँपिअरला दीड व्होल्टहून अधिक दाब पॅकच्या आतच खर्ची पडतो आणि ४७ वॅट उष्णता खोक्यात साचते. दुसऱ्या पॅकसाठी जास्त प्रवाह देण्यासाठीच बनवलेले, सुमारे २० मिलिओहमचे नवे सेल घेतले. त्याच प्रवाहाला आता अर्धा व्होल्ट पडतो, उष्णता सोळा वॅटच्या आत राहते, आणि अर्ध्या तासाच्या कामानंतर सेल हाताला फक्त कोमट लागतात. शिवाय जुन्या सेलांमध्ये एक गट जरी दुबळा निघाला तरी बाकीचे सहा कितीही सशक्त असोत, पॅक त्या दुबळ्याच्याच तालावर चालतो. टॉर्चला किंवा एखाद्या छोट्या पंख्याला जुने सेल खुशाल वापरावेत. पात्याच्या मोटरला नकोत. आणि विकत घेताना १८६५० सेलवर साडेतीन हजारांहून फार मोठा आकडा, सहा हजार किंवा नऊ हजार मिलिअँपिअर-तास असा, छापलेला दिसला तर तो सेल परत ठेवावा, कारण त्या आकाराच्या सेलमध्ये तेवढी ऊर्जा मावतच नाही.

बांधणीत सर्वांत जपून करावे लागणारे काम अगदी बारीक जागेत आहे. सेलच्या धन टोकाकडे पाहिले तर मधोमध उंचवटा दिसतो आणि त्याच्याभोवती प्लास्टिकच्या वेष्टनाची दुमडलेली कड असते. त्या कडेखाली जे पत्र्याचे खांदे आहेत ते ऋण आहेत. म्हणजे धन आणि ऋण यांच्यामध्ये त्या जागी केवळ एका पातळ वेष्टनाचा आडोसा असतो. वरून सेल एकमेकांना जोडणारी निकेलची पट्टी जाणार, यंत्र थरथरणार, आणि पट्टीची धार महिनोन्‌महिने त्या वेष्टनावर घासत राहणार. म्हणून प्रत्येक धन टोकावर चिकट पाठीची कागदी चकती लावणे मी अनिवार्य मानतो. एका चकतीला काही सेकंद लागतात, ५६ चकत्यांना अर्धा तास, आणि संपूर्ण कामात याहून जास्त मोलाचा अर्धा तास दुसरा नाही.

निकेलची पट्टी शुद्ध निकेलची आहे की निकेलचा मुलामा दिलेल्या लोखंडाची, हे नजरेने ओळखता येत नाही. पट्टीवर ओरखडा काढून ती मिठाच्या पाण्यात दोन दिवस ठेवली की लोखंड असल्यास गंज चढतो. मला आलेल्या पहिल्या रिळावर तो चढला आणि मी ते वापरले नाही, कारण लोखंडाचा रोध निकेलपेक्षा जास्त असतो आणि पट्टी तापते. सेलवर सोल्डरिंगने डाग देऊ नये, ती उष्णता थेट सेलच्या पोटात जाते. स्पॉट वेल्डिंग क्षणार्धात होते. वेल्ड पक्का आहे का हे पाहण्यासाठी टाकाऊ सेलवर पट्टी जोडून ती पक्कडीने सोलून काढावी. पट्टी फाटली, तिला भोके पडली आणि धातूचे ठिपके सेललाच चिकटून राहिले, तर वेल्ड बरोबर आहे; पट्टी अखंड सुटून आली, तर यंत्राची थरथर तिला आज ना उद्या सोडवणारच.

संरक्षण-पट्टी, म्हणजे बीएमएस, निवडताना मी पुन्हा चुकलो. सरासरी प्रवाह २२ अँपिअर म्हणून ३० अँपिअरची घेतली. पण थांबलेली मोटर सुरू होताना तिच्या गुंडाळीचा रोध तेवढा आड असतो आणि क्षणभर शंभराच्या पुढे प्रवाह ओढला जातो. खटका दाबला की पट्टी लगेच पुरवठा तोडायची. ६० अँपिअरची बसवल्यावर हा त्रास संपला. तिच्या समतोलाच्या, म्हणजे प्रत्येक गटाचा दाब तपासून सारखा ठेवणाऱ्या, आठ तारा जोडण्यापूर्वी मल्टीमीटरने एकेक तार मोजली : ३.६, ७.२, १०.८ अशी पायरीपायरीने २५.२ पर्यंत चढण आली, तेव्हाच सॉकेट आत सरकवला. एक तार जरी आगेमागे झाली तर पट्टी जागीच जळते. पॅकच्या तोंडाशीच ४० अँपिअरचा, गाडीत वापरतात तसा चपट्या टोकांचा (ब्लेड) फ्यूज आहे. हे फ्यूज सहसा ३२ व्होल्टपर्यंतचेच असतात; माझ्या २९.४ व्होल्टला ते चालतात, परंतु ३६ व्होल्टच्या यंत्राचा पॅक पूर्ण चार्ज झाल्यावर ४२ व्होल्टचा असतो, तिथे जास्त दाबाचा डीसी फ्यूज शोधावाच लागेल. तारा सहा चौरस मिलिमीटर तांब्याच्या. आणि हे सारे करताना यंत्राची सुरक्षा-किल्ली काढून, पाते उतरवून ठेवलेले असावे.

चार्जिंगच्या बाबतीत जुन्या सवयी पूर्णपणे मोडाव्या लागल्या. लेड-ॲसिडचा चार्जर या पॅकला कधीही लावू नये. मी २९.४ व्होल्टवर थांबणारा ४ अँपिअरचा लिथियम चार्जर वापरतो. पूर्ण चार्ज व्हायला साडेपाच तास लागतात, आणि घाई नसल्याने हा वेग मला योग्य वाटतो. पॅक यंत्रातून काढून, फरशीवर, जवळपास जळण्यासारखे काही नसताना आणि मी जागा असतानाच चार्ज होतो. काम संपताच गरम पॅक चार्जरला लावत नाही. साठवणुकीचे शास्त्र तर अगदी उलटे आहे : लेड-ॲसिड बॅटरी भरून ठेवली नाही तर तिच्यात सल्फेटचे थर बसून ती मरते, आणि लिथियम पॅक भरून ठेवला तर तो लवकर म्हातारा होतो. हंगाम संपला की मी तो निम्मा, म्हणजे प्रत्येक सेल ३.७ ते ३.८ व्होल्टवर, ठेवतो. मागच्या वेळी पुन्हा बाहेर काढला तेव्हा सातही गट एकमेकांपासून एक शतांश व्होल्टच्या आत होते, आणि ते पाहून मला मनापासून आनंद झाला.

हाताळणीतला फरक चढावर सर्वांत जास्त जाणवतो. साडेसात किलो कमी झाल्याने वळताना मनगटावरचा भार हलका झाला आहे. खाचखळग्यांच्या जमिनीवर मात्र हलके झालेले यंत्र थोडे उडते आणि कापलेल्या गवताची उंची कमीजास्त होते, म्हणून तिथे मी सावकाश चालतो.

एक गोष्ट मला आधी सुचली नव्हती. जुनी बॅटरी पंचवीस मिनिटांत दमत असे आणि त्यामुळे मोटरला आपोआप विसावा मिळत असे. आता पॅक दमत नाही, मोटर दमते. पहिल्या महिन्यात सलग पन्नास मिनिटे चालवल्यावर मोटरच्या आवरणाला हात लावता येईना आणि कार्बन ब्रशांचा जळका वास आला. तेव्हापासून पंचवीस मिनिटांनी थांबून, किल्ली काढून, पात्याखाली साचलेले गवत खरवडतो आणि मोटर निवू देतो. त्यामुळे आणखी मोठा पॅक बांधण्यात मला काही अर्थ दिसत नाही. पुन्हा बांधायचा झालाच तर लिथियम-आयर्न-फॉस्फेटचे आठ सेल मालिकेत घेईन; त्यांचा सरासरी दाब २५.६ आणि पूर्ण चार्ज झाल्यावर २९.२ व्होल्ट, म्हणजे या यंत्राला तंतोतंत जुळणारा. तितक्याच ऊर्जेला वजन थोडे वाढेल, पण हे रसायन तापून पेट घेण्याला कितीतरी कमी प्रवृत्त असते, आणि जुन्या बॅटऱ्यांच्या रिकाम्या कप्प्यात जागा भरपूर आहे.